अठ्ठावीस हातांची दोरी

"पोरांच्या पायाखाली वाल उगवतो काय?"

ठमाबाईचं हे वाक्य मी कुडापलीकडून ऐकलं, एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर, भात कापून झालं होतं तेव्हा. आमची पडवी आणि त्यांची पडवी यांच्यात एकच कूड, कारवीचा, शेणामातीनं लिंपलेला. त्या कुडानं वारा अडायचा, भांडण अडायचं नाही. ऐकायचं आणि बोलायचं नाही, असा दोन्ही घरांचा न ठरवता ठरलेला नियम होता. त्यांनीही माझं बरंच ऐकलेलं असणार. आता ठमाबाईच म्हणाली, "लिव गो, तुला तिसरीपर्यंत घातली ती काय फुकट?" म्हणून लिहिते.

"माती तीच हाय, कुठं पळून जाते?" हे कुशाबा. ते माझे चुलतदीर, ठमाबाईचे घरधनी. तोंडावर मी त्यांना भावजी म्हणायची. इथं कुशाबा लिहिते, रागवायला ते आता नाहीत.

"माती नाय पळत, वल पळते. भात काढल्यावर आठ दिसांत वाल पडला तर पडला. मंग काय धोंडे पेरू?"

"यंदाचं वरीस जाऊ दे."

"गेल्या साली बी यंदाचंच वरीस व्हतं!"

"गेल्या साली मी काय बोललोच नाय."

"बोलला नाय. खळ्यावरनं उठला बी नाय. झोडणी झाली, भात कणगीत गेलं, तरी खळं तसंच. अन् त्यात ही सात घोडी नाचतात, त्यांच्याकडं बघत बसायचं. तुमी खेळणार हाय का? तुमाला दम हाय का?"

हे शेवटचं तिनं बोलायला नको होतं. खरं होतं म्हणून नको होतं.

वाल आमच्या घरात काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला सांगते. पावसाचं भात, आणि भात निघालं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, फक्त वेळ चुकवून चालत नाही. उन्हाळाभर आणि पुढल्या पावसात कालवण म्हणून जे काय ताटात येतं ते बहुतेक वालच. कुशाबांचं वळणावरचं खाचर वालाला उत्तम. ताटासारखं सपाट, माती मऊ, तिन्ही बाजूंना उंच बांध. आणि नेमकं तेच खाचर हुतुतूला उत्तम. तिन्ही बांधांवर गाव बसलं की सगळ्यांना सगळं दिसायचं.

कुशाबा खेळाडू नव्हते. हात लांब, पाय लांब, छाती रुंद, बघणाऱ्याला वाटावं की हा एकटा तिघांना ओढून नेईल. पण चढाईला गेले की चार पावलांत 'कबड्डी'चं 'कबड' व्हायचं आणि पाचव्या पावलाला श्वास तुटायचा. तरणे असताना ते भिकाजीच्या हॉटेलासमोरच्या माळावर खेळायचे. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला तो माळ आहे. नाव माळ, पण नुसता कातळ, वर बोटभर मुरूम. तिथं एकदा चौघांनी धरून पाडलं तेव्हा डावा हात कोपरात मोडला. वैदूनं बसवला, पण तो सरळ काही झाला नाही. पुढे जन्मभर भाताचा भारा उचलताना तो हात कोनात असायचा, दाराच्या कडीसारखा. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त पोरं माळावर खेळायला निघाली की म्हणायचे, "तिथं नको रे. माज्या खळ्यावर या."

खळं म्हणजे भात झोडायची जागा. कापणी झाली की खाचराचा एक तुकडा पाणी शिंपून चोपायचा, शेणानं सारवायचा, की पाटासारखा होतो. त्यावर पडलं तर ढोपर फुटत नाही. कुशाबांना खेळ येत नव्हता, माती येत होती. कुठं चिकण आहे, कुठं रेव आहे, किती पाणी घातलं तर तडा जात नाही, हे त्यांना पायाच्या तळव्याला कळायचं.

भांडण तीन दिवस चाललं. दोन दिवस बोलून आणि एक दिवस न बोलता. चौथ्या दिवशी सकाळी ठमाबाई म्हणाली, "किती जागा लागते तुमच्या घोड्यांना? मोघम नको. हातात सांगा."

"अठ्ठावीस हात लांब, बावीस हात रुंद."

"कोणी सांगितलं?"

"महिपतनं पोलादपूरच्या शाळंत मापलं."

"ठीक. त्याच्या बाहेरचं सगळं माजं. रेघेला टेकून वाल लावीन. अन् पोराचा पाय वालात पडला तर पोराचा कान माज्या हातात."

"चालंल."

"हात कोणाचा?"

"माजा."

"डावा धरू नका. वाकडा हाय तो, फसवाल."

असा तह झाला. त्या तहासाठी कुशाबांनी वाखाची दोरी वळली. पूर्ण दोरी अठ्ठावीस हात, आणि टोकापासून बावीस हातांवर मध्ये एक गाठ. लांबीला सबंध दोरी लावायची, रुंदीला गाठीपासून टोकापर्यंत. दोरी दुमडली की मधली रेघ कुठं येते ते कळायचं. काम झालं की दोरी पडवीतल्या खुंटीला. गावात कुणी जमिनीचे कागदही जपले नसतील इतक्या जपणुकीनं ती दोरी तिथं असायची.

आता महिपतचं सांगते. तो बौद्धवाडीतला. पहिल्या वर्षी गावातले सहाच जण जमले, सातवा मिळेना. महिपत रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून बघायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कुशाबांनी हाक मारली, "बघतोस काय रे, उतर की!" गावातल्या दोघा म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, घरी येऊन बोलले. कुशाबा म्हणाले, "ज्या खेळात शिवल्याबिगर गुण नाय, त्यात शिवायचं नाय म्हणता. मंग खेळायचं कसं ते तरी सांगा." म्हातारे उठून गेले. त्या वर्षी ते बांधावर आले नाहीत. पुढल्या वर्षी आले, महिपतच्या चढाया बघायला, आणि सगळ्यांत पुढं बसले.

मंडळाला नाव हवं होतं म्हणून 'नवतरुण क्रीडा मंडळ' ठेवलं. आज त्यातल्या निम्म्या जणांना नातवंडं आहेत, पाटीवर नवतरुणच आहे. पण मंडळाची खरी गोष्ट मैदानाची, आणि मैदान दरसाल मरायचं. जूनमध्ये नांगर फिरला, मग चिखलणी, मग लावणी. ज्या मधल्या रेघेवरून मारामारी व्हायची तिथं गुडघाभर पाण्यात ठमाबाई वाकून भाताची रोपं लावत असायची. कुठंही जुनी खूण उरायची नाही. भात निघालं की कुशाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. ढेकळं फोडायची, फळीनं सपाटी करायची, पाणी शिंपायचं, मग चोपण्या घेऊन आम्ही बायका. चोपणं हे बायकांचं काम, अंगणासारखंच. मंडळाच्या पावतीपुस्तकात आमची नावं नाहीत, पण त्या मैदानात आमचे खांदे आहेत.

सारवण वाळलं की कुशाबा महाडला जायचे, चुन्याची फक्की आणायला. सकाळची एसटी, चवदार तळ्याच्या पायरीवर बसून बांधून नेलेली भाकरी, पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून अर्धं पोतं फक्की, दुपारच्या गाडीनं परत. पोलादपुरात फक्की मिळायची. पण ती त्यांच्या मते करडी होती. आम्हाला ती पांढरीच दिसायची.

आणि मग खुंटीवरची दोरी.

पहिल्या वर्षापासून आमची पोरं त्या मैदानावर हरली नाहीत. शेजारच्या कापडे गावची आली, हरली. पोलादपूरची आली, हरली. महाडच्या पेठेतली पोरं पांढऱ्या बुटांत आली. बूट बांधावर काढून ठेवायला लावले आणि तीही हरली. पाहुणे चढाईला यायचे, दोन पावलं मागं सरकायचे, आणि पंच शिट्टी फुंकायचा: रेघेबाहेर, बाद. त्यांना कळायचं नाही की रेघ आली कुठून. आमच्या पोरांना सगळं तळहातासारखं माहीत. अकरा वर्षं असं चाललं.

आणि बाहेर गेली की आमची पोरं हरायची. तीही न चुकता. चढाईला गेलेला महिपत परत यायला निघाला की मधली रेघ त्याला लांब वाटायची, दम पुरायचा नाही. पकडीला उभी राहिलेली पोरं कोपऱ्यात भलतीच विरळ वाटायची. याची कारणं गावानं बरीच शोधली. एकदा नजर लागली म्हणून मिरच्या उतरवल्या. एकदा ठरलं की दोष परक्या पाण्याचा. तेव्हा महाडच्या सामन्याला आपल्या विहिरीचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून एसटीतून नेलं. कंडक्टरनं हंड्याचं तिकीट मागितलं. दोन वळणांत अर्धा हंडा पुढल्या बाकावरच्या माणसाच्या धोतरात गेला. उरलेलं पाणी पिऊन पोरं तेवढ्याच गुणांनी हरली.

मला कारण ठाऊक होतं का? सगळं नाही. पण एक बघितलं होतं. तह झाल्यावरच्या पहिल्याच चैत्रात ठमाबाईच्या पडवीत वाल भरायचं काम चाललं होतं. त्या साली एकाच्या जागी दोन पोती झाली. दुसऱ्या पोत्याचं तोंड बांधायला काही सापडेना. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, खुंटीवरच्या दोरीचं टोक ओढलं आणि विळ्यानं वीतभर, म्हणजे अर्धा हात, कापलं. उरलेल्या टोकाला पुन्हा गाठ मारली. मी दारात होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढी मोठी दोरी, तिला काय कळतंय?"

पुढल्या वर्षी वालाची रेघेकडची ओळ थोडी आत सरकली. वाल थोडा जास्त झाला, आणि पुन्हा एक पोतं वाढलं. मी कुणाला काही बोलले नाही. कूड लिंपताना आमचा नियम मी आत लिंपून टाकलाय.

ब्याऐंशी सालच्या माघात मंडळाला पहिल्यांदा मोठा मान मिळाला. आठ गावांचे सामने आमच्या वाडीत ठरले. खरं म्हणजे अजून ठरायचे होते. महाडच्या शाळेतले रघुवीर गुरुजी मैदान बघून होकार देणार, तरच. नाही तर सामने भिकाजीच्या हॉटेलासमोरच्या माळावर. तसं भिकाजी वर्षभर सांगतच होता. रस्त्याला जागा, एसटी दारात थांबते, चहा हाताशी. "कुशाबाच्या खाचरात उतरायला पाहुण्यांनी काय बेडकासारख्या उड्या मारायच्या?" असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. आणि एकदा मोठे सामने माळावर गेले की पोरांचा रोजचा खेळही तिथंच जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. कुशाबा त्या महिन्यात धड जेवले नाहीत. मैदान तीनदा सारवलं. वाकडा हात सारखा दुसऱ्या हातानं चोळत असायचे.

शनिवारी सकाळी गुरुजी आले. बारीक अंगाचे, चष्मा, स्वच्छ धोतर-सदरा आणि पिशवीत कापडी टेप. बांधावर सगळं गाव. एका बाजूला बायका, त्यांत मी आणि ठमाबाई. मैदानाच्या चारी बाजूंनी वाल असा तरारला होता की काही विचारू नका. गुडघाभर वेल, शेंगा भरायला लागलेल्या.

गुरुजींनी माती हातात घेतली, चोळली. "वा. अशी माती मी अख्ख्या तालुक्यात पाहिली नाही," ते म्हणाले. कुशाबांची मान ताठ झाली. मग त्यांनी टेप उलगडली. महिपतनं एक टोक धरलं. गुरुजींनी मापलं, चष्मा पुसला, पुन्हा मापलं. मग रुंदी मापली.

"हे मैदान कुणी आखलं?"

"मी," कुशाबा म्हणाले.

"तीन हात कमी आहे. लांबीला तीन, रुंदीलाही तीन."

मग भिकाजी हसला. "आता समजलं! अकरा वरसं डबक्यात पोहत व्हते, अन् म्हणे आमी पट्टीचे पोहणारे! अरे, महाडची पोरं रेघेत मावतील कशी, रेघच लंगोटीएवढी!"

महिपतचं तोंड उतरलं. त्याच्या अकरा वर्षांच्या चढाया त्या एका टेपनं गुंडाळल्या. तो नुसता कुशाबांकडे बघत राहिला, हे जास्त वाईट.

कुशाबांनी दोरी हातात घेतली होती. टोकापर्यंत ती हातातून सरकवत नेली. टोकाला गाठ होती. ती त्यांची गाठ नव्हती. त्यांची गाठ दुहेरी, आत वळवलेली. ही पोत्याचं तोंड बांधतात तशी होती. मी बांधावरून बघत होते, आणि माझ्या शेजारी ठमाबाई बघत होती. कुशाबांनी ते टोक मुठीत घेतलं आणि मूठ मिटली.

"दोरी आटली, गुरुजी," ते म्हणाले.

"वाखाची दोरी भिजली की आखडते, हे खरं. पण तीन हात?"

"दहा पावसाळे खाल्लेत तिनं. चूक माजी. दरसाली ताडून बघायला पायजे व्हती."

"असू द्या. पण अशा मैदानावर मी सामने घेऊ शकत नाही. उद्या सकाळी आठला संघ येतील. तोवर माप पुरं असेल तर इथं. नसेल तर भिकाजींच्या जागेत."

"पुरं कशानं करणार?" भिकाजी म्हणाला. "चौफेर वाल हाय. अन् तो ठमाबाईचा हाय. त्याला हात लावायची हाय कुणाची छाती?"

कुशाबांनी वालाकडे बघितलंही नाही. तह तह होता; रेघेबाहेरचं त्यांचं नव्हतं. ते खाली बसले आणि वाकडा हात मांडीवर ठेवला.

इतकी वर्षं त्यांना ती गाठ दिसली नसेल का? मला विचाराल तर मी सांगणार नाही.

ठमाबाई माझ्याशेजारून उठली. लुगड्याचा काचा आवळला, बांधावरून खाली उतरली. सगळ्यांना वाटलं ती नवऱ्याला काही बोलणार. ती त्यांच्या पुढून गेली, रेघेजवळ पोचली, वाकली आणि वालाचा पहिला वेल मुळासकट उपटला. मग दुसरा. मग तिसरा.

गुरुजी घाबरले. "अहो बाई, शेंगा भरताहेत. अजून पंधरा दिवसांत—"

"तुमची टेप पंधरा दिस थांबंल काय?"

"नाही, पण—"

"मंग बाजूला व्हा. पायाखाली शेंगा तुडवू नका."

मग मी उतरले. माझ्यामागून बाकीच्या उतरल्या. दुपारपर्यंत चारी बाजूंची दीड-दीड हाताची पट्टी मोकळी झाली. माती उकरली गेलेली, ती फळीनं सारखी केली. विहिरीवरून पाणी आणलं; बौद्धवाडीतल्या बायका त्यांच्या कळश्या घेऊन आल्या. मग चोपण्या. नुसता धप धप आवाज. ठमाबाई सगळ्यांत जोरात चोपत होती. मैदानावर राग काढत होती की स्वतःवर, ते चोपणीला माहीत. ऊन कलायच्या आत सारवण झालं. कुशाबा पायानं दाबून दाबून बघत फिरत होते. एका कोपऱ्यात थांबले, म्हणाले, "इथं थोडी वल जास्ती झाली."

"मंग फुंका," ठमाबाई म्हणाली.

उपटलेल्या वालाचा ढीग बांधाला पडला होता. त्याचं काय करायचं? शेंगा कोवळ्या, वाळवून ठेवण्याजोग्या नाहीत. कुणीतरी मडकी आणली, भांबुर्डीचा पाला आणला, शेंगांत मीठ-ओवा घालून मडकी उपडी घातली आणि भोवती पालापाचोळा पेटवला. संध्याकाळी सगळी वाडी बांधावर बसून मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खात होती. गुरुजींनाही द्रोणात दिली. ते मुक्कामाला होते, कारण मैदान वाळतंय का ते बघण्यात त्यांची शेवटची एसटी चुकली होती. भिकाजीही आला. दोन द्रोण खाल्ले आणि म्हणाला, "मीठ कमी हाय." त्याच्याकडून एवढं म्हणजे हार मानल्यासारखंच होतं.

सकाळी आठला गुरुजींनी टेप लावली. पुरं भरलं. नव्या पट्टीवर एक तडा नव्हता. गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कुशाबांना म्हणाले, "आखा आता रेघा." कुशाबांनी आखल्या. दोरी बाजूला ठेवून, टेपनं. हात वाकडा होता, रेघ नव्हती.

नवतरुण मंडळ त्या दिवशी पहिल्याच सामन्यात हरलं. आपल्याच मैदानावर, आपल्याच गावासमोर, कापड्याच्या पोरांकडून. कोपरे मोठे झाले होते ना. महिपत घाम पुसत बाहेर आला आणि कुशाबांजवळ बसला. "आता बाहेरचं आन् घरचं एकच झालं, काका." कुशाबा म्हणाले, "मंग आता बाहेर जिंका." पुढे दोन वर्षांनी महाडला जिंकले. पाण्याचा हंडा न नेता.

सामने संपल्यावर चार दिवसांनी मी कुडाअलीकडे तांदूळ निवडत होते. पलीकडे ठमाबाई म्हणाली, "हे घ्या."

"काय हाय?"

"तुमच्या दोरीचे तुकडे. सहा व्हते. चार गावले, दोन उंदरांनी नेले."

कुशाबांनी तुकडे मोजले, मोठ्यानं, एक ते चार.

"पोत्याचं तोंड बांधायला घेतले व्हते," ती म्हणाली. "मैदान कापायला नाय घेतले."

यातला पहिला भाग मी खरा मानते.

"उंदरांचे दोन कशानं भरू?" कुशाबांनी विचारलं.

"सुतळीनं भरा. अन् महाडास्नं मला बी एक सुतळीचा तोडा आणत जा. म्हंजी तुमच्या दोरीला हात लावायला नको."

तेव्हापासून त्या दोरीच्या शेपटाला चार गाठी आणि पुढे सुतळीचा पेड. गुरुजींनी मंडळाला एक टेप भेट दिली होती. कुशाबांनी ती एकदाच वापरली, दोरी पुरी करून घ्यायला. मग ती डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर. दरसाल मैदान त्या गाठीगाठीच्या दोरीनंच आखलं जायचं, आणि दरसाल ते पुरं भरायचं. ठमाबाईचा वाल रेघेपासून हातभर लांब असायचा. तो हात कुणी ठरवला नव्हता.

सामने माळावर गेले नाहीत. भिकाजीनं पुढे बांधाच्या कडेला चहाचं टेबल मांडायला सुरुवात केली आणि मैदान किती चांगलं आहे ते पाहुण्यांना तोच सांगू लागला. महिपत महाडच्या कारखान्यात लागला, पण रविवारी यायचा. आता दोरी त्याच्याकडे आहे. टेपही त्याच्याकडेच आहे, पण ती त्यानंही डब्यातच ठेवली आहे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाआधी कुशाबा गेले. आजारी वगैरे नव्हते, सकाळी उठलेच नाहीत. त्याच वर्षीच्या पौषात त्यांनी शेवटचं मैदान केलं, ते शेवटचं आहे हे कुणालाच माहीत नसताना.

फक्की आणायला ते महाडला गेले. सकाळच्या एसटीनं, भाकरी बांधून. पोलादपूरची फक्की करडीच होती त्यांच्या मते, अजूनही. दुपारच्या गाडीनं परत आले. रस्त्यावरून पोतं उजव्या खांद्यावर, डावा हात कोनात, आणि त्या कोनात सुतळीचा तोडा अडकवलेला. आयता हूक होता तो. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. मला म्हणाले, "तळ्याला पाणी चांगलं हाय यंदा." एवढंच.

पडवीत पोतं टेकवलं. ठमाबाई आतून आली.

"फक्की गावली?"

"गावली."

"सुतळी?"

त्यांनी कोपर पुढं केलं. तिनं तोडा काढून घेतला, ओढून बघितला.

"बारीक हाय यंदा."

"वाल बी बारीकच हाय की."

"तुमच्या डोळ्याला बारीक."

पाणी प्यायले, खुंटीवरची दोरी काढली, फक्कीचं घमेलं घेतलं आणि खाचरात गेले. अंगणातून दिसत होते. लांबीला सबंध दोरी, रुंदीला गाठीपासून टोकापर्यंत, दुमडून मधली रेघ. वाकायचे, मूठभर फक्की सोडत दोरीच्या कडेनं मागं मागं सरकायचे. चारी कोपरे झाल्यावर एकदा सगळीकडून फिरले. एका कोपऱ्यात पायानं दाबून बघितलं. मग दोरी गुंडाळत घरी आले आणि ती खुंटीला लावली.

"दोरीला हात लावू नको गो."

"नाय लावत," आतून ठमाबाई म्हणाली. "आधी हात धुवा. चुना हाय."

ते हात धुवायला मागच्या दारी गेले.